पिकअपमधून रबर जळाल्याचा वास: गाडी गार व्हायच्या आत काय बघायचं

रबर जळाल्यासारखा वास आला की बहुतेक ड्रायव्हर काचा खाली करून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जातात, बॉनेट उघडून पाच मिनिटं बघतात आणि काही दिसलं नाही म्हणून पुन्हा निघतात. दोन दिवसांनी गाडी गॅरेजला लागते तेव्हा ती गार असते, वासही नसतो. मग मेकॅनिक अंदाजाने फॅन बेल्ट बदलून देतो. खरं दुखणं क्लचचं किंवा अडकलेल्या ब्रेकचं असतं, ते तसंच राहतं. या बिघाडाचा पुरावा म्हणजे उष्णता आणि ती अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते. म्हणून शोध तिथेच, वास येत असतानाच घ्यायचा.

आधी एक खात्री करा, वास आपल्याच गाडीचा आहे ना? गायमुखच्या चढाला किंवा शिळफाट्याच्या रांगेत पुढच्या ट्रकचा क्लच जळत असला तरी वास तुमच्या केबिनमध्ये भरतो. तळोजा एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तर हवेलाच कधी कधी असला उग्र वास असतो. रांगेतून बाहेर पडल्यावर, मोकळ्या हवेत थांबूनही वास गाडीजवळच घोटाळत असेल तर तो आपला.

थांबल्यावरची पहिली दहा मिनिटं

गाडी सपाट जागी कडेला घ्या. मुंब्रा बायपासच्या चढावर मध्येच थांबू नका, चढ संपवून बाजूला घ्या. मात्र धूर दिसला किंवा वास जळक्या वायरचा असला तर जागा निवडत बसायचं नाही, इंजिन लगेच बंद करायचं. एरवी चारही इंडिकेटर लावा, इंजिन मिनिटभर न्यूट्रलला चालू देऊन बंद करा, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी ओंडका किंवा दगड लावा. हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमला (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) आतून शू (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) दाबून धरले की ड्रम वाकडा होऊ शकतो, शू चिकटूही शकतात. शिवाय दोष ब्रेकचाच असेल तर पुढची तपासणी फसते. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा त्यावर जीव जातो.

आता गाडीभोवती चक्कर. चारही चाकांजवळ वाकून वास घ्या आणि हाताची मागची बाजू रिमपासून दोन-तीन इंच लांब धरा, टेकवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-दीड हजारात मिळतो. रोज माल वाहणाऱ्याने तो डॅशबोर्डच्या खणात ठेवावाच. बघायचं ते एका चाकाचं तापमान नव्हे, तर एकाच अॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक. दोन्ही बाजू सारख्या तापल्या असतील तर ते ब्रेक वापरल्याचं तापमान. एक बाजू दुसरीपेक्षा ४०-५० अंशांनी वर असेल तर तिथे काहीतरी घासतंय. डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतून बघायचा प्रकार करू नका. तापलेलं बीड (ओतीव लोखंड) अचानक गार झालं की तडकतं.

चाकं ठीक असतील तर केबिनखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या बेल हाउसिंगजवळ वास घ्या. तिथे भपका असेल तर क्लच. तिथेही नसेल तर बॉनेट उघडा.

आणि वास कधी आला ते लगेच मोबाइलवर लिहून ठेवा. मेकॅनिकला वास कसा होता यापेक्षा कधी आला याचा उपयोग जास्त. सकाळी सेल्फ मारल्यावर चीं आवाजासकट, एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आला तर बेल्ट. चढावर, रांगेत, भरलेली गाडी रिव्हर्स घेताना आला तर क्लच. सरळ रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबल्यावर आला तर ब्रेक. खड्ड्यात आपटल्यावर किंवा वळणावर, तेही माल भरलेला असतानाच, तर टायर. आणि इंजिन बंद करून गाडी उभी असतानाही येत राहिला तर वायरिंग.

बेल्ट

इंजिन बंद, चावी काढलेली. बेल्टच्या सगळ्यात लांब मोकळ्या भागावर मधोमध अंगठ्याने जोरात, साधारण दहा किलोच्या दाबाने दाबा. सुमारे १० मिमी दबला तर ताण ठीक. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरा. बेल्ट उलटून आतली बाजू पाहा. काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरून भाजलाय, ताण वाढवून सुधारणार नाही. अलीकडच्या बऱ्याच रिब असलेल्या बेल्टना झिजूनही चिरा पडत नाहीत, खाचा नुसत्या खोल होत जातात. त्यामुळे ‘चिरा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला’ हे गणित आता चालत नाही.

पण बेल्ट सहसा स्वतःहून जळत नाही. तो ज्याला फिरवतो त्यातलं काहीतरी जाम झालेलं असतं. बेल्ट उतरवा आणि अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंग पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), एसी कंप्रेसर यांच्या पुल्या एकेक करून हाताने फिरवा. खरखर, अडखळणं किंवा पुली आतबाहेर हलणं, यातलं काहीही दिसलं तर आधी ते बेअरिंग, मग बेल्ट. नाहीतर नवा बेल्ट महिनाभरात जळतो आणि दोष बेल्टच्या कंपनीवर जातो. वॉटर पंपाची पुली हलत असेल तर तिच्याखाली वाळलेल्या कूलंटचे डागही शोधा.

आवाज कशाचा हे कळत नसेल तर इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर कमी झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट ढिला आहे किंवा टेन्शनर थकलाय. बेल्टवर ऑइल किंवा कसलाही स्प्रे मारायचा नाही. आवाज दोन दिवस थांबतो, बेल्ट मात्र फुगतो. नवा बेल्ट हाताने ताणायच्या प्रकारचा असेल तर पाचशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा, सुरुवातीला तो सैल होतोच.

क्लच

ठाणे-नवी मुंबईत माल वाहणाऱ्या पिकअपचा हा वास बहुतेक वेळा क्लचचा निघतो. कारण घोडबंदर रस्त्यावर तासभर पाऊल-पाऊल सरकणं, आणि त्याहून वाईट म्हणजे भिवंडीच्या गोदामांत किंवा वाशीच्या मार्केटमध्ये भरलेली गाडी धक्क्याच्या उताराला रिव्हर्स लावणं. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) फिरत राहतं, तिला चिकटून ताकद पुढे गिअरबॉक्सला देणारी क्लच प्लेट जवळपास स्थिर असते आणि इंजिनची सगळी ताकद त्या दोन पृष्ठभागांमध्ये उष्णता होऊन बसते. मिनिटभरही तसं धरलं तर वास येतो. क्लच पेडलवर पाय टेकवून चालवण्याची सवय असेल तर चढ लागतच नाही, सपाट रस्त्यावरही तेच होतं.

वास एकदाच आला, नंतर गाडी नीट ओढतेय, तर घाबरू नका. न्यूट्रलला पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. नंतर रिकाम्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला या आणि अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण वेग तिथेच रेंगाळला तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा. परत परत केली तर उरलेली प्लेटही जाईल.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडलची फ्री प्ले बघा. केबलच्या क्लचला पेडल साधारण १५ ते २५ मिमी सैल चालायला हवं, मगच जड लागायला हवं. अजिबात सैल नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं आहे आणि चांगली प्लेटसुद्धा घसरणार. केबल अॅडजस्ट करून एवढ्यावर काम भागलेल्या गाड्या कमी नाहीत. हायड्रॉलिक क्लचला ही ढील फार थोडी असते, तिथे मॅन्युअलचाच आकडा धरावा.

गिअरबॉक्स उतरलाच तर समोर उभं राहून चार गोष्टी स्वतः बघा. प्लेटवर रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून ०.३ मिमीहून कमी खोल राहिली असतील तर प्लेट संपली. प्रेशर प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग असतील तर लोखंड भाजलंय. ते डाग टणक झालेले असतात, त्यांच्यावर नवी प्लेट बसवली तर गाडी उठताना थरथरते. फ्लायव्हील लेथवर सपाट करून घ्या किंवा बदला. तिसरं, बेल हाउसिंगच्या आत ओलं तेल आहे का? काळं, पातळ असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील. जाडसर, गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. ही सीलं स्वस्त असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरीच महाग, म्हणून याच वेळी बदलून टाका. चौथं, रिलीज बेअरिंग. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हा एकच संच समजा, त्यातलं एक जुनं ठेवण्यात काही वाचत नाही. कळंबोलीला किंवा वागळे इस्टेटला पार्ट घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, चेसिस नंबर दाखवा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षानुसार प्लेटचा व्यास बदललेला असतो.

बसवताना गडबड होते ती दोन ठिकाणी. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने न पुसता तशीच चढवतात आणि पहिल्याच दिवशी वास येतो. दुसरं म्हणजे गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवरून प्लेटच्या हबवर लटकू देतात. हब किंचित वाकतो, मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर घासतो. सेंटरिंग टूल वापरायचं, गिअरबॉक्स जॅकवर तोलायचा आणि बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे कसायचे. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस लावायचं ते बोटाने पुसल्याइतकंच. नंतर ३००-५०० किमी पूर्ण भार टाळा.

ब्रेक

एक चाक तापलेलं सापडलं की जागीच एक छोटी चाचणी होते आणि तिच्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. गाडी सपाट जमिनीवर, बाकीच्या चाकांना ओंडके, ते चाक जॅकवर, खाली स्टँड. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडिंगचा निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळं झालं, तर आत दाब अडकून राहिलाय. मग दोष होज पाइपचा किंवा मास्टर सिलिंडरचा. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर दोष चाकातच आहे, कॅलिपर पिस्टन, पिना, व्हील सिलिंडर नाहीतर हँडब्रेकची केबल. निपल कसून ब्लीडिंग केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मडगार्डच्या रंगावर सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उतरवतं.

रबरी होज फसवा असतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून अस्तर फुगून वाट बंद करतं. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत यायला जोर नसतो, म्हणून ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहतं आणि दहा मिनिटांनी आपोआप सुटतं. गॅरेजला पोचेपर्यंत सगळं ठीक! एका बाजूचा असा निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला. चारही चाकं किंवा पुढची दोन्ही एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या मधली पुशरॉडची ढील बघा. ती नसेल तर ऑइल टाकीत परतच जात नाही.

उरण-जेएनपीटी पट्ट्यात, खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात, कॅलिपरच्या स्लाइड पिना आणि हँडब्रेकची केबल सगळ्यात आधी गंजतात. पीन हाताने सरकली पाहिजे, हातोडीने नव्हे. काढून गंज घासा, फाटलेले रबर बूट बदला आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन किंवा रबर ग्रीस लावा. चाकाचं साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. त्याहून मोठा अनर्थ म्हणजे ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतणं. मग सगळे वॉशर फुगतात आणि मास्टरपासून व्हील सिलिंडरपर्यंत सगळं बदलावं लागतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्याची किमान मर्यादा १५५ अंश धरलेली असते. बोरघाट उतरताना पेडल अचानक मऊ लागतं ते याच कारणाने.

मागचं ड्रम उघडल्यावर लायनर तेलकट दिसला तर तो घासून, पुसून परत बसवू नका. अॅक्सलचं ऑइल सील बदला आणि दोन्ही बाजूंचे शू बदला. ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवाल्याला तो आकडा आधी दाखवा. आणि ड्रम गार पण मधला हब मात्र तापलाय, तर तो ब्रेक नव्हे, जास्त कसलेलं किंवा सुकं बेअरिंग आहे.

टायर, पाटे आणि खाली अडकलेलं काहीबाही

चाकाच्या कमानीत आतून हात फिरवा. टायर घासत असेल तिथला रंग गुळगुळीत, काळपट चमकदार होतो. नक्की कळत नसेल तर टायरच्या कडेला पांढरा खडू लावा, माल भरलेला असताना एक फेरी मारा आणि खडू कुठे उमटला ते बघा. मग टेपने चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना माप घ्या. भार सारखा असून फरक दीड-दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर त्या बाजूचा पाटा (लीफ स्प्रिंग) तुटलाय किंवा बसलाय. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही दोन्हीकडे मोजा. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलाय, अशी गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या. पाटा बदलल्यावर यू बोल्ट पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांनंतर पुन्हा कसावे लागतात. वाढीव पाटा टाकून जास्त माल भरायचा सल्ला सर्रास मिळतो. आरसीवरचं वजन त्याने वाढत नाही आणि टायर-ब्रेकचं तापणंही कमी होत नाही. हवा कमी असलेला टायरही बाजूने वाकून-वाकून तापतो, म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना, दाराजवळच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरा.

मार्केटमध्ये जाणाऱ्या गाडीखाली एकदा टॉर्च घेऊन नक्की वाका. प्लास्टिकची पिशवी, ताडपत्रीचा तुकडा, क्रेटची पट्टी सायलेन्सरला चिकटून वितळते आणि वास हुबेहूब रबराचा येतो. गार झाल्यावर लाकडाच्या पट्टीने खरवडा. उरलेला डाग एक-दोन दिवस वास देत राहतो. सुतळी किंवा दोरी प्रोपेलर शाफ्टला गुंडाळली असेल तर मात्र ती कापून पूर्ण काढा. ती सरकत पिनियनच्या ऑइल सीलपाशी जाते आणि सील कापते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही हलवून बघा, फाटल्यावर ते घासून जळतं.

वायरिंग

जळक्या वायरचा वास नाकात झोंबतो, डोळे चुरचुरतात. इथे तपास नंतर, आधी इंजिन बंद, सगळे खाली, शक्य असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. फटीतूनच आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर मारा, आणि एका सिलिंडरने विझली नाही तर लांब व्हा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

कारण बहुतेक वेळा बाहेरून बसवलेलं काहीतरी असतं. कंपनीच्या हेडलाइटच्या ५५ वॉटच्या दोन बल्बांना मिळून साधारण ९ अँपिअर लागतात. तिथे १०० वॉटचे दोन लावले की १६-१७ अँपिअर होतात, वायर आणि होल्डर मात्र तेच. मग फ्यूज उडतो आणि कोणीतरी १५ चा निळा काढून ३० चा हिरवा लावतो. आता फ्यूजच्या जागी वायर जळते. जास्तीच्या लाइटला, हॉर्नला स्वतंत्र रिले, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आणि पुरेशा जाडीची वायर घ्या.

इंजिनची अर्थ पट्टी सगळे विसरतात. ती गंजली की सेल्फचा करंट परतीची वाट म्हणून क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलीतून जातो आणि केबलीचं प्लास्टिक वितळतं. मल्टिमीटरची एक पीन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी घासून साफ करा किंवा बदला.

ज्या वासाला हात लावायचा नाही

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू झाली की आयडलिंग किंचित वाढतं, पंखा चालू राहतो आणि सायलेन्सरकडून गरम, जळका वास येतो. अशा वेळी गाडी बंद करू नका, चालवत राहा, पंधरा-वीस मिनिटांत संपतं. फक्त सुक्या गवतावर उभी करू नका. नवे ब्रेक शू, नवी क्लच प्लेट यांचाही वास सुरुवातीला येतो. शू बदलून शंभर-दीडशे किलोमीटर झाले, तरी एकाच मागच्या चाकाचा वास जात नसेल तर ड्रम गार असताना चाक उचलून फिरवा. सतत घासत असेल तर अॅडजस्टर एक-दोन दात मागे घ्या, चाक मोकळं फिरून हलकीशी खरखर ऐकू आली की तिथे थांबा, आणि मग हँडब्रेक किती दातांवर धरतोय तेही नव्याने लावून घ्या.